‘नुसतं कळवायचे’ या रकान्याबद्दल

इंदूर,
श्रावण वद्य पंचमी

ती. शैलजाताई यांस,

मधुवंतीचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकलेलं दिसत नाही, म्हणून लिहिलं.) तुमचा खांदा आता कसा आहे? भिंतीवरून बोटं वर चढवत न्यायचा तो व्यायाम कंटाळवाणा असला तरी सोडू नका. भाऊजींचं ब्लडप्रेशर, बाल्कनीतली जास्वंद आणि नागपूरचा उकाडा हे सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा करते. इकडे राजेंद्र नगरात नाना बरे आहेत. आईंच्या पायाचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन घरात फिरतात, पण त्या काठीचा उपयोग चालण्यापेक्षा वस्तू दाखवायला जास्त होतो (‘ते तिकडे ठेवा’, ‘हे इथे कोणी ठेवलं?’). तुमच्या दोन्ही भावांना राख्या पोचल्या. अभिरामच्या पाकिटात राखी होती, कुंकवाची पुडी होती, अक्षता होत्या. चिठ्ठी नव्हती. ‘ताई बिझी असेल,’ असं तुमचा भाऊ म्हणाला आणि त्यानं मनगट पुढे केलं. अठरा वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं आहे की आपल्या घरात चिठ्ठी नसणं हीच चिठ्ठी असते.

तुम्ही फॅमिली ग्रुप सोडलात आणि माझा फोन उचलत नाही, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागदाचा एक फायदा आहे, तो मधेच कट करता येत नाही. फाडता मात्र येतो. फाडायचा असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाडा.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगते, कारण ऑफिसनं मला तशी सवय लावली आहे. जूनमध्ये आई बाथरूममध्ये घसरल्या. त्यानंतर आठवड्याभरात आपल्या थोरल्या वहिनी, म्हणजे कुमुदिनीवहिनी, भाजी निवडता निवडता भाजीकडेच बघत म्हणाल्या, ‘यंदा महालक्ष्म्यांचं माझ्यानं नाही होणार, भई.’ इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आणि तेही पालकाला. महालक्ष्म्या राजेंद्र नगरातच बसतात. आईंच्या सासूबाई होळकरांच्या काळातल्या सरकारी क्वार्टरात बसवायच्या, तिथून त्या इथे आल्या, आणि त्यानंतर मुखवट्यांची पेटी दुसऱ्या घरात गेलेली नाही. आता दोनच वाटा उरल्या. एक तर आमच्या बायपासवरच्या नवव्या मजल्यावर बसवायच्या, नाहीतर यंदा पेटी उघडायचीच नाही. पण हे ठरवायचं कोणी? नाना म्हणाले आईंनी. आई म्हणाल्या मुलांनी. श्रीहरीदादा म्हणाले घरातल्या बायकांनी. वहिनी म्हणाल्या, मी तर माझं सांगून टाकलं. अभिराम टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाला, ‘अगं, ऑफिसात तू हेच तर करतेस ना यार? कर की.’

माझी चूक इथेच झाली. ते खरं होतं.

माझं काम काय, हे तुम्ही मला दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला ‘कॉम्प्युटरचंच’ असं सांगून फराळाकडे वळते. आज नीट सांगते. कुठल्याही कंपनीला नवं सॉफ्टवेअर हवं असलं की मी आधी जाऊन शोधते की या कामात कोणाकोणाला विचारावं लागेल, कोण ठरवणार, कोण करणार, कोण आडवं येणार. त्यांना आम्ही स्टेकहोल्डर म्हणतो. म्हणजे ज्याला त्या कामाचं सोयरसुतक आहे तो. (सणाच्या पत्रात हा शब्द नको होता, पण याहून नेमका मला सापडला नाही.) हे लोक शोधायच्या अनेक पद्धती असतात आणि कुठली पद्धत कधी निवडावी यावर मी नव्या मुलामुलींना चक्क वर्ग घेते. त्या वर्गात मी एका नमकीनवाल्यांची गोष्ट सांगते. त्यांच्या कारखान्याचं काम आम्ही केलं, मालकापासून गोदामापर्यंत सगळ्यांना विचारलं, सॉफ्टवेअर सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी अडकलं. कारण मालकांच्या आईनं चिमूटभर शेव तोंडात टाकून ‘हां’ म्हटल्याशिवाय तिथे एक पाकीट बंद होत नव्हतं. ती बाई पगारावर नव्हती, कुठल्याही कागदावर नव्हती, आणि तिच्याबद्दल कोणी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हे कोणालाच सुचलं नाही. मी ही गोष्ट फार रंगवून सांगते. पोरं हसतात. मीही हसते. आता जरा कमी हसते.

तर पहिली पद्धत, सगळ्यांनी मिळून जे सुचेल ते सांगायचं. काहीच माहीत नसताना ही निवडावी. मी ग्रुपवर लिहिलं, ‘महालक्ष्म्यांशी कोणाकोणाचा संबंध येतो, मनात येईल ते लिहा.’ तुम्ही तेव्हा ग्रुपवर होता, तुम्ही वाचलंच. दादांनी पुरणाच्या यंत्राची दुरुस्ती कोण करतो ते लिहिलं. कोणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवली. बेबीआत्यांनी कृष्णपुऱ्याजवळच्या त्यांच्या फुलवाल्याचा नंबर दिला आणि खाली लिहिलं की कनिष्ठा आणताना गेल्या वर्षी माझे हात थरथरले, आता दुसरी कोणी बघा. त्यावर पाच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मीही पाठवलं. ते वाक्य मी वाचलं, पण माझ्या यादीत घेतलं नाही, कारण मला ते तब्येतीचं वाटलं.

दुसरी पद्धत, संस्थेचा तक्ता. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली. जिथे खुर्च्या ठरलेल्या असतात तिथे ही उपयोगी पडते. मी नानांना सगळ्यात वर ठेवलं आणि कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. नाना म्हणाले, ‘मला कशाला विचारतेस? मी आरतीला टाळ वाजवतो, बस. बाकी सगळं हिच्याकडे.’ मी खोडरबर घेतलं. तेव्हा त्यांनी कागदावर हात ठेवला. ‘नाव वरच राहू दे, भई. काम खाली लिही.’ म्हणजे आमचे अनेक डायरेक्टर जे तोंडानं कधी बोलत नाहीत, ते तुमच्या वडिलांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

तिसरी, प्रत्यक्ष मुलाखत. एकेकट्याला गाठून विचारायचं. चारचौघांत जे बोलत नाहीत ते इथे बोलतात, असं आमची पुस्तकं सांगतात. कुमुदिनीवहिनींना मी पुरण वाटायच्या पाट्यापाशी गाठलं. ‘मला काही बोलायचंच नाहीये,’ म्हणाल्या आणि कुकर निवून गार झाला तरी त्यांचं ते न बोलणं चाललं होतं. त्यातून मला कळलं की सोळा भाज्यांपैकी दोन भाज्या कोणीच खात नाही, की श्रीहरीदादांनी लग्नापासून एकदाही केळीचे खांब सरळ बांधलेले नाहीत, आणि की ‘तुझ्या त्या उंच बिल्डिंगीत पुरणाचा वास खालपर्यंत तरी जाईल का, सीधी बात आहे.’ आईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मला काय, दोन डोळ्यांनी बघायचं.’ या पद्धतीचा दोष असा की आपल्या घरात प्रत्येक जण स्वतःचा वाटा शून्य सांगतो आणि तो खरंच शून्य लिहिला की रुसतो.

चौथी पद्धत कांद्याची. (खरंच कांद्याची म्हणतात.) मधोमध काम आणि भोवती माणसांची वर्तुळं, जवळची आत, लांबची बाहेर. मी मधे महालक्ष्म्या ठेवल्या, मग आई, मग आम्ही दोघी सुना, मग नाना, दादा, अभिराम, मग शेजारी. आईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘रांगोळी छान आहे, पण अर्धवट का सोडलीस? दाराची बाजू मोकळीच आहे.’ मी हसून कागद मिटला. ताई, त्यांनी मला तिथेच सांगितलं होतं.

आणि मग तो तक्ता. तुम्हाला मोबाईलवर दिसला तो. त्यात चार रकाने असतात: काम करणारे, जबाबदार, ज्यांना विचारायचे, आणि ज्यांना नुसतं कळवायचे. वर्गात मी टेबलावर हात आपटून सांगते की हा तक्ता माणसं शोधण्यासाठी नाही, सापडल्यानंतर मांडण्यासाठी आहे, आणि ज्याचं नाव ज्या रकान्यात आहे त्याला आधी एकटं भेटून दाखवल्याशिवाय तो कधीही सर्वांना पाठवू नका. रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर मी तो सर्वांना पाठवला. कामं ओळीनं लिहिली होती: पुरण, भाज्या, साड्या नेसवणं, आरास, केळीचे खांब, विसर्जन. प्रत्येक कामासमोर नाव. ज्यांच्याकडे काम नव्हतं ते आपोआप चौथ्या रकान्यात गेले. त्यात सोसायटीचा वॉचमन होता (पाहुण्यांच्या गाड्या), गॅस एजन्सी होती (जादा सिलिंडर), आणि त्या दोघांच्या मधे ‘शैलजाताई, नागपूर’ असं होतं. अक्षरानुक्रमही नव्हता, की त्यावर ढकलावं. तिथे जागा होती.

तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. नुसती ती राखाडी ओळ आली, की शैलजा यांनी ग्रुप सोडला. मग बाकीचे जागे झाले. वहिनींना ‘जबाबदार’ नको होतं, दादांना ‘करणारे’ नको होतं, नानांना विचारायच्या रकान्यात टाकलं म्हणून आनंद होता पण कोणी विचारत नाही म्हणून दुःख होतं. बेबीआत्यांनी नुसता अंगठा पाठवला. ऑफिसात अंगठा म्हणजे मंजुरी. आपल्याकडे तो काय असतो ते तुम्ही जाणताच. मला रात्री वाटलं की एवढं काय? तुम्ही लांब राहता, दरवर्षी येता, जेवता, ओटी घेऊन जाता. तुमच्याकडे काम कुठलं? हे मी उगाच गोड करून लिहीत नाही. मला खरंच तसं वाटलं.

मग गेल्या रविवारी पाचवी पद्धत वापरली, जी मला पहिली वापरायला हवी होती. माणसं काम करताना नुसती बघायची. जे लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं ते मुलाखतीत सांगता येत नाही, ते नजरेनंच सापडतं. आमच्या हॉलमध्ये सगळं मावतं का, हे बघायला आम्ही रंगीत तालीम ठेवली. आईंना गाडीतून आणलं. मुखवटे अर्थातच नाहीत. त्यांच्या ऐवजी तांदळाचे दोन स्टीलचे डबे, एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. नानांनी टाळ आणला होता. वहिनी दाराच्या आत पाय धुवायचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. आई आत खुर्चीवर, कारण ‘काय घेऊन आलीस’ हे त्यांनी विचारायचं असतं. अभिराम दिव्यांच्या माळेत गुंतला होता, शब्दशः. मी नेहमीसारखी वाकून उंबऱ्यापासून आत पावलं काढत गेले. सगळं जमून आलं. नानांनी टाळ वाजवला. मी मागे वळले, आणि डबे बाहेर लिफ्टसमोर तसेच.

कोणीच आणत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, ‘मधू, तू घे.’ मी म्हटलं, मी पावलं काढते. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, मी पाय धुते, पाय धुणारीच कशी येणार? आम्ही दोघी या घरच्या, आत उभ्या राहणाऱ्या. आपल्या घरी महालक्ष्म्या लेकीच आणतात. ज्येष्ठा तुम्ही, कनिष्ठा बेबीआत्या. लेक माहेरी येते तशा त्या येतात. मी अठरा वर्षं त्यांच्या पुढे वाकून पावलं काढली, त्यामुळे मागून कोण येतं ते मला कधी दिसलंच नाही. बांगड्यांचा आवाज तेवढा यायचा. तो तुमचा असायचा. माझ्या तक्त्यात रांधणं होतं, बांधणं होतं, नेसवणं होतं. ‘येणं’ हे काम म्हणून कुठेच नव्हतं.

आईंनी काठी एकदा फरशीवर टेकवली आणि म्हणाल्या, ‘राहू दे. शैलजाशिवाय डबासुद्धा आत यायचा नाही.’ मग त्या स्वतःच उठून बाहेर येऊन बसल्या, त्यामुळे आम्हीही बाहेर. नवव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तुमचं सगळं माहेर, दोन डबे, एक टाळ. लिफ्ट येत होती, उघडत होती, आमच्याकडे बघून मिटत होती. समोरच्या जैनभाभींनी दार उघडलं. ‘क्या हुआ भाभीजी, चाबी भूल गए क्या?’ मी काही बोलायच्या आत नानांनी उत्तर दिलं. ‘चाबी नहीं बेटा, बेटी भूल गए.’

जैनभाभींना काहीच समजलं नसावं, पण त्यांनी सगळ्यांना चहा दिला, वर रतलामी शेव. मी ती चिमूटभर तोंडात टाकली आणि मला ती नमकीनवाली आजी आठवली. ‘हां’ म्हणायला कोणी नव्हतं.

तर आजची परिस्थिती अशी. गणपती जवळ आले आहेत. वहिनी सोळापैकी आठ भाज्यांपर्यंत खाली आल्या आहेत. नववा मजला आईंना चालेल असं दिसतं, कारण परवा त्यांनी विचारलं की तुझ्या बाल्कनीतली तुळस दारापाशी आणता येईल का. पण तुम्ही आला नाहीत तर पेटी उघडणार नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे आणि त्यावर माझ्याकडे कुठलीही पद्धत नाही. रुसून या. रागावून या. माझ्याशी न बोलता या, तांब्यातल्या पाण्याखाली पाय पुढे करा, बाकी मी काही मागत नाही. तो तक्ता मी पुसून टाकला आहे.

भाऊजींना नमस्कार. आईंचा तुम्हाला आशीर्वाद असेलच, पण तो त्या स्वतः देतील.

तुमची,
मधुवंती

ता. क. १ : येताना नागपूरच्या संत्रा बर्फीचे दोन डबे आणा. एक जैनभाभींना द्यायचा आहे, त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही असं दिसतं.

ता. क. २ : वर ‘बाकी मी काही मागत नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडलं असं समजा. हे पत्र सगळं त्याच्यासाठीच लिहिलं, आणि तेवढंच मागे राहिलं. बेबीआत्यांनी हात टेकले आहेत. कनिष्ठा आणायला कोणी नाही. रीत लेकींची आहे, मला माहीत आहे. मी सून आहे, मी आत असते. पण माझी आई गेल्यापासून आणि कऱ्हाडचं घर भाड्यानं दिल्यापासून, मी बाहेरून येते आहे आणि आत कोणीतरी दार उघडून ‘काय घेऊन आलीस’ असं विचारतं आहे, असं कुठे होत नाही. मी ऑफिसातून येते तेव्हा किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. एकदाच, तुमच्यामागून, कनिष्ठा मी आणली तर चालेल का? पावलं आधीच काढून ठेवीन. आईंना विचारायची मला हिंमत नाही. तुम्ही विचाराल का? नाही म्हणाल्या तर मला सांगूसुद्धा नका, मी समजेन.

ता. क. ३ : पाकीट बंद करण्याआधी हे लिहावं लागतंय. राखीच्या पाकिटावर तुमचा पत्ता नव्हता आणि अभिरामला स्वतःच्या बहिणीचा पिनकोड माहीत नाही, म्हणून मी आत्ता आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘पत्र कशाला पाठवतेस? ती रोज दुपारी चारला माझ्याशी बोलते.’ रोज! रुसवा दोन दिवसांतच उतरला होता म्हणे, पुढचा आईंच्या सांगण्यावरून चालू होता (‘राहा अशीच थोडे दिवस, त्याशिवाय यांच्या लक्षात यायचं नाही’). तुमचं तिकीट आषाढातच काढून झालेलं आहे. नववा मजलाही आषाढातच ठरलेला आहे. नानांना माहीत होतं. वहिनींना माहीत होतं. मी पद्धती निवडत होते तेव्हा सगळे मला निवडू देत होते. मी विचारलं, मग कनिष्ठेचं काय? आई म्हणाल्या, ‘ती मधूनं आणायची. शैलजाच म्हणाली. तुला सांगायचं राहिलं.’ आणि काठी आपटल्याचा आवाज आला, म्हणजे विषय संपला.

मला कोणी विचारलं नाही, ताई. नुसतं कळवलं.

पिनकोड मिळाला. पत्र टाकतेच आहे.